एसटीपीचं पाणी बागेला द्यायचंय पण सोसायटी ऐकत नाही, काय करू?

या वेळचं पत्र पुण्याजवळच्या वाकडमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीताईंचं आहे. मोठं होतं, थोडं कापून देते.

"ताई, आमची 120 फ्लॅटची सोसायटी, बिल्डरने बांधून दिलेला एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) आहे पण त्यातलं पाणी सगळं ड्रेनेजला जातं. आधीच्या कमिटीने कुणाला न सांगता ते पाणी फ्लशला सोडलं होतं, बाथरूममध्ये वास यायला लागला, मोठी भांडणं झाली आणि वॉल्व्हच बंद करून टाकला. आता एप्रिल-मे मध्ये बागेसाठी रोज एक टँकर घेतो, 1200 रुपये, तरी लॉन पिवळं पडलंय. मी जीबीएममध्ये (सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत) विषय काढला की बागेला एसटीपीचं पाणी वापरू, तर निम्मे लोक म्हणाले मुलं तिथे खेळतात, इन्फेक्शन होईल. सी विंगमधले एक काका, दरवर्षी वारीला जाणारे, म्हणाले संडासाचं पाणी पारिजातकाला घालणार आणि ती फुलं देवाला वाहणार? सगळे गप्प झाले. लेडीज ग्रुपला त्याच पाण्यावर भाजीचे वाफे करायचेत. आणि खर्च वाचवायला एसटीपीचा ब्लोअर आम्ही रात्री 11 ते सकाळी 6 बंद ठेवतो, तेवढी तरी बचत. मी हा विषय सोडून देऊ का?"

ताई, सोडू नका. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीय, ब्लोअरची. लोकांशी बोलायच्या आधी तिथूनच सुरुवात करू, कारण ते नीट झाल्याशिवाय बाकी सगळं बोलणं फुकट आहे.

एसटीपी म्हणजे काय तर जिवाणू पाळलेली टाकी. आपण गोठा ठेवतो तसंच. सांडपाण्यातली घाण ते जिवाणू खातात आणि त्यांना श्वासाला हवा लागते, ती ब्लोअर देतो, टाकीच्या तळाशी डिफ्यूझर असतात त्यातून बुडबुडे येतात. तुम्ही सात तास हवा बंद केली की हे जिवाणू गुदमरतात आणि त्यांच्या जागी हवेशिवाय जगणारे दुसरे जिवाणू जोर धरतात, जे कुजवतात, त्यातून तो सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणजे आधीच्या कमिटीच्या वेळी बाथरूममध्ये जो वास आला तो बहुतेक याच सात तासांचा होता. सकाळी 6 ला ब्लोअर लावला म्हणून 7 ला पाणी चांगलं होत नाही, आणि नेमकं 7 ते 9 या वेळात सगळ्या बिल्डिंगच्या आंघोळी-कपडे होऊन सगळ्यात जास्त पाणी खाली येतं, थकलेल्या टाकीत.

आता हिशोब बघा. समजा तुमचा ब्लोअर 5 एचपीचा आहे, म्हणजे तासाला साधारण पावणेचार युनिट. सात तासांचे 26 युनिट, दहा रुपयाने धरले तर 260 रुपये. रोजचे 260 रुपये वाचवण्यासाठी तुम्ही चांगलं पाणी घालवताय आणि बागेसाठी 1200 चा टँकर आणताय. हा एकच कागद जीबीएममध्ये ठेवला असता तरी अर्धं काम झालं असतं. वीज वाचवायचीच असेल तर टायमर लावा, रात्री कमी पाणी येतं तेव्हा दीड तास चालू आणि अर्धा-पाऊण तास बंद असं करता येतं, पण सलग सात तास अजिबात नको. दोन ब्लोअर असतील (असायलाच हवेत, एक स्टँडबाय) तर आलटून पालटून चालवा.

दुसरं, तुमच्या पत्रात एसटीपी चालवणाऱ्या माणसाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. हे मला फार ठिकाणी दिसतं. तो माणूस बेसमेंटमध्ये असतो, एजन्सी त्याला पगार देते, तोही किती ते कमिटीला माहीत नसतं, आणि 480 माणसांच्या आरोग्याची एक बाजू त्याच्या हातात असते. आमच्या सोसायटीत लातूरकडचा एक मुलगा होता, शांत, कामाला पक्का. एकदा मी खाली गेले, म्हटलं अरे पाण्याला वास का येतोय रे, तर म्हणाला, "ताई, रात्री मशीन बंद केलं की सकाळी मला जिन्यातच कळतं आज पाणी बिघडलंय, पण मला विचारतंय कोण." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही पहिलं काम हे करा की त्याच्याशी अर्धा तास बोला, खुर्चीवर बसवून, चहा देऊन. कुठला पंप आवाज करतो, सँड फिल्टरला बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) शेवटचा कधी दिला, गाळ कधी काढला, सगळं त्याला पाठ असतं. आणि एक गोष्ट कमिटीच्या ठरावात लिहूनच ठेवा, कुठल्याही टाकीत माणूस उतरवायचा नाही. डिफ्यूझर चोक झाला, पंपात चिंधी अडकली, काहीही असो. त्या टाक्यांमध्ये विषारी गॅस साठतो, एक जण पडतो आणि त्याला काढायला उतरलेले दोघेही जातात, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. 2013 च्या कायद्याने सेफ्टी गियरशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, मशीनवाले बोलवा, दोन दिवस वास सहन करा.

आता पाणी चांगलं की वाईट हे घरच्या घरी कसं बघायचं ते सांगते. काचेची एक लिटरची उभी बरणी घ्या, मापाची असेल तर उत्तम. एअरेशन टँकमधलं, म्हणजे जिथे बुडबुडे येतात तिथलं पाणी त्यात भरा आणि अर्धा तास हलवू नका. तब्येत चांगली असेल तर गाळ तपकिरी, चॉकलेटी रंगाचा असतो, कापसासारखे पुंजके होऊन हळूहळू खाली बसतो आणि वर स्वच्छ पाण्याचा थर दिसायला लागतो, इतका की बरणीच्या मागे पेपर धरला तर अक्षरं वाचता येतात. वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. गाळ काळा असेल, वर तरंगत असेल, नाकाला झोंबत असेल तर हवा कमी पडतेय. तुमचा प्लँट एमबीबीआर प्रकारचा असेल, म्हणजे टाकीत प्लास्टिकच्या छोट्या चाकासारख्या चकत्या फिरत असतील, तर बरणीत गाळ कमीच बसेल, घाबरू नका, तिथे जिवाणू चकत्यांवर बसलेले असतात. दोन चकत्या बाहेर काढून बघा, आतल्या खोबणीत पातळ तपकिरी साय दिसली की झालं. पांढऱ्या कोऱ्या दिसल्या तर त्या नुसत्याच फिरतायत. हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा, हे सांगायला नको.

ही बरणीची टेस्ट तुम्ही एकट्याने करू नका. ब्लोअर 24 तास चालू करा, बिघडलेला प्लँट सावरायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढे जाऊ द्या, आणि मग एका रविवारी सकाळी लोकांना बोलावून करा. पहिली बरणी कच्च्या पाण्याची, दुसरी एअरेशनची, तिसरी फिल्टरमधून बाहेर आलेल्या पाण्याची. तीन बरण्या टेबलावर शेजारी शेजारी. भाषण नको. तुमच्याकडे जे झालंय ते मुळात पाण्यामुळे झालेलं नाहीये, ते न सांगता केल्यामुळे झालंय. लोकांना आपल्या घरात काय सोडलंय हे नंतर कळलं, त्याचा राग आहे, आणि तो राग बरोबर आहे. मी असते तर मीही भांडले असते.

मुलांच्या इन्फेक्शनचं म्हणणाऱ्यांनाही उडवून लावू नका, त्यांचा मुद्दा खरा आहे. तपकिरी गाळ बसला, पाणी नितळ दिसलं म्हणजे जंतू गेले असं नाही, त्यासाठी शेवटी क्लोरीन किंवा यूव्ही लागतं आणि लॅबचा रिपोर्ट लागतो. बीओडी आणि सीओडी (पाण्यात घाण किती उरली), टीएसएस (न विरघळलेले कण) आणि फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) या चार गोष्टी दर महिन्याला तपासा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटच्या, म्हणजे परवानगीच्या, कागदावर तुमच्या सोसायटीची लिमिट लिहिलेली असते, बऱ्याच ठिकाणी बीओडी 10 च्या आत हवा असतो, तो कागद फाइलमधून शोधून काढा आणि रिपोर्टशेजारी नोटीस बोर्डवर लावा. सॅम्पल दिलं की दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात देणारी लॅब असेल तर जरा सावध राहा, आपल्याकडे बीओडीची टेस्ट 27 डिग्रीला तीन दिवस ठेवूनच करतात, एका रात्रीत होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये सांडपाण्याच्या वापराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे एकाच उपायावर विसंबू नका, एकामागे एक अडथळे उभे करा. तुमच्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. स्प्रिंकलर नको, कारण त्याचे तुषार हवेत उडतात आणि नाकातोंडात जातात, ड्रिप टाका किंवा झाडाच्या बुंध्याशी पाइपने द्या. वेळ पहाटे पाच ते साडेसहा, मुलं खेळायला येईपर्यंत जमीन सुकलेली असते. लॉनवर मुलं लोळतात तिथे पाणी द्यायचंच असेल तर क्लोरीन आणि रिपोर्ट दोन्ही नीट झाल्यावर, आधी नाही. या पाण्याची पाइपलाइन वेगळ्या रंगाची करा, नळाला चावी काढून घेता येईल असा कॉक बसवा आणि वर मराठीत आणि हिंदीत पाटी, "हे पाणी पिण्यासाठी नाही", सोबत चित्र, कारण तहान लागलेलं लहान मूल पाटी वाचत बसत नाही. आणि प्लंबरकडून एकदा पूर्ण लाइन चेक करून घ्या की पिण्याच्या लाइनला हे पाणी कुठेच जोडलेलं नाही. जुन्या सोसायट्यांमध्ये कुणीतरी कधीतरी सोयीसाठी एक जोड मारलेला असतो आणि तो कुणालाच आठवत नाही.

क्लोरीनबद्दल माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडे होणार नाही. 2017 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे वासाची तक्रार आली, मी तेव्हा कमिटीत होते, आणि मीच सांगितलं की हायपो, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, जास्त टाका. किती जास्त ते सांगितलं नाही, मलाच माहीत नव्हतं. एसटीपीवाल्याने कॅन ओतला. कंपाउंडच्या कडेने मोगऱ्याची रांग होती, चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, आठवड्यात पानं गळाली, कळ्या सुकून गेल्या. सगळे म्हणाले बघा गटाराच्या पाण्याने मोगरा जळला, आणि पुढचं दीड वर्ष कुणी विषय काढू दिला नाही. गटाराच्या पाण्याने काही झालं नव्हतं, मी सांगितलेल्या क्लोरीनने झालं होतं. गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो ना, बाटलीत पाणी घेऊन दोन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तेच किट आणा, शंभर-दोनशे रुपयांना मिळतं. फिकट पिवळा ठीक. गडद पिवळा किंवा नारिंगी आला तर ते पाणी एक दिवस उघड्या टाकीत राहू द्या, क्लोरीन उडून जातं, मग झाडांना द्या. त्याहून जास्त दिवस मात्र साठवू नका, उन्हाळ्यात साठलेलं पाणी परत वास मारायला लागतं आणि डास होतात.

आता झाडांचं बोलू, माझा जीव त्यातच आहे.

एसटीपी घाण काढतो, क्षार काढत नाही. आपण वापरलेल्या पाण्यात साबण, डिटर्जंट, स्वयंपाकाचं मीठ, लघवी या सगळ्याचे क्षार येतात आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) मूळ पाण्यापेक्षा दोनशे-तीनशेने वाढतो. धरणाचं पाणी मुळात गोडं असतं म्हणून तिथे फारसं बिघडत नाही, पण तुमच्याकडे बोअरचे टँकर येत असतील तर सुरुवातच जड पाण्याने होते. त्यात सोसायटीला वॉटर सॉफ्टनर असेल तर तो धुवायला पोत्याने मीठ वापरतात आणि ते खारट पाणी बऱ्याचदा सरळ एसटीपीत सोडलेलं असतं. तुमच्याकडे तसं आहे का ते आजच बघा, असेल तर ती लाइन वेगळी काढा, कारण त्यातला सोडियम आपल्या काळ्या मातीचा शत्रू आहे. काळ्या मातीत सोडियम वाढला की कण विस्कटतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही, वरच डबकं होऊन राहतं आणि खाली मुळं कोरडीच. मग माळी म्हणतो पाणी कमी पडतंय आणि अजून पाणी सोडतो. लॅबला महिन्याच्या टेस्टबरोबर वर्षातून दोनदा टीडीएस, सोडियम, क्लोराइड, बोरॉन आणि एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती त्याचं माप) वेगळं सांगून करून घ्या, सांगितलं नाही तर ते करत नाहीत. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या निकषात सिंचनाच्या पाण्याला एसएआर 26 पर्यंत आणि बोरॉन 2 पर्यंत चालतो, पण माझं मत विचाराल तर काळ्या जमिनीला 26 फार सैल आहे, 10 च्या वर गेलं की मी मातीत जिप्सम (सोडियम हटवणारं खनिज) घालायचा विचार सुरू करते.

पण आपल्याला एक देणगी आहे ती म्हणजे पावसाळा. जमिनीतल्या झाडांच्या मुळाशी आठ महिने जो क्षार साठतो तो जून ते सप्टेंबरच्या पावसात बराचसा धुऊन खाली जातो. म्हणून पावसाळ्यात एसटीपीचं पाणी बागेला पूर्ण बंद, पावसाला त्याचं काम करू द्या, आणि वाफ्यांना पाणी निघून जायला वाट ठेवा. बाल्कनीतल्या आणि लॉबीतल्या कुंड्यांना हा पाऊस मिळत नाही. कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसायला लागली की समजा क्षार साठला. कुंड्यांना शक्यतो हे पाणी देऊच नका, दिलंत तर पंधरा दिवसातून एकदा साधं पाणी इतकं घाला की खालून धो धो निघालं पाहिजे. एसीचं पाणी कुंड्यांना उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतो. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र लोक कौतुकाने झाडांना घालतात, ते नको, त्यात क्षार एकवटलेला असतो, ते फरशी पुसायला आणि फ्लशला वापरा.

कुठली झाडं? कण्हेर, बोगनवेल, करंज, कडुलिंब, नारळ यांना काही फरक पडत नाही. कर्दळ आणि बांबूला तर हे पाणी मानवतं, कर्दळीचा एक लांब पट्टा ट्रीटेड टाकीच्या ओव्हरफ्लोजवळ लावून बघा, पानं हाताच्या लांबीपेक्षा मोठी होतात. आंबा, लिंबू आणि गुलाब नाजूक आहेत, पानाच्या टोकाकडून करपायला लागतात, त्यांना साधं पाणी. या पाण्यात नत्र आणि स्फुरद असतं म्हणून युरिया बंद करा, कंपोस्ट चालू ठेवा, आणि लॉन अर्धं कमी करता आलं तर करा. एका चौरस मीटर लॉनला उन्हाळ्यात दिवसाला पाचेक लिटर पाणी लागतं आणि त्याची सावली कुणालाच मिळत नाही. त्याच जागेत चार करंज लावलेत तर पाच वर्षांनी पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा थंड राहतील.

लेडीज ग्रुपला माझा निरोप द्या. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, काकडी, जे कच्चं खाल्लं जातं किंवा जमिनीला टेकतं ते या पाण्यावर नको, रिपोर्ट कितीही चांगला असला तरी. शेवगा, नारळ, केळी चालेल, बुंध्याशी पाणी द्यायचं, शेंग किंवा फळाला पाणी लागत नाही. मला माहीत आहे त्यांचा हिरमोड होईल. त्यांना गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याची एक टाकी द्या, कोथिंबिरीचे वाफे त्यावर करू द्या.

आणि काका. ताई, काकांना हरवायला जाऊ नका. तुळस आणि पारिजातक ही दोन झाडं साध्या पाण्यावर ठेवा, दोन बादल्यांचा प्रश्न आहे, तेवढ्यासाठी कुणाच्या देवघराशी भांडण करायचं नसतं. काकांच्या मनात जे आहे ते मला कळतं, माझी आजीसुद्धा देवाच्या फुलाचा वास घेऊ द्यायची नाही. पण त्यांच्याबरोबर एकदा बसा आणि नकाशा उघडा. वाकडचं सांडपाणी मुळेत जातं, मुळा संगमावर मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, भीमा उजनीत, आणि उजनीच्या खाली तीच भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. वाटेत पालिकेचे प्लँट आहेत, पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सगळं पाणी स्वच्छ होऊन नदीत जात नाही हे उजनीचं हिरवं पाणी बघितलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. सोलापूर उजनीचं पाणी पितं. काका आषाढीला ज्या वाळवंटात उतरून स्नान करतात तिथल्या पाण्यात वरच्या अंगाच्या आपल्या सगळ्यांच्या मोऱ्यांचा वाटा आहे. आपलं पाणी आपल्या दारात स्वच्छ करून करंजाला घातलं तर तेवढा वाटा कमी होतो. हे मी त्यांना गप्प करायला सांगत नाहीये, मला मनापासून वाटतं की वारी केलेल्या माणसाला हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजेल. बरण्यांच्या रविवारी पहिली खुर्ची त्यांना द्या.

आता किती पाणी आहे ते. 120 फ्लॅट, घरटी चार माणसं म्हणजे 480. माणशी 135 लिटर हा नॉर्म धरला तर दिवसाला 64,800 लिटर पाणी येतं, त्यातलं 80 टक्के सांडपाणी म्हणून परत जातं, म्हणजे 52,000 च्या आसपास. फ्लशला माणशी 45 लिटर धरले तर 21,600. बागेला तुमच्या वर्णनावरून मला पाच-सहा हजारांपेक्षा जास्त लागेल असं वाटत नाही. म्हणजे बाग आणि फ्लश दोन्ही चालू केलं तरी 24,000 लिटर उरतं, रोजचे दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर चार हजार. बाग सोडा, तुमच्या समोरच्या रस्त्याची दोन्ही बाजूंची झाडं उन्हाळाभर जगतील एवढं हे पाणी आहे. महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी पत्र द्या की आमच्याकडे रोज इतकं पाणी आहे, लॅब रिपोर्ट जोडा, डिव्हायडरवरच्या झाडांना टँकर भरून न्या. लगेच उत्तर येईल असं नाही, पण पत्र गेलेलं असू दे, रिपोर्टसकट आलेलं पत्र बाजूला टाकणं अवघड जातं. नागपूरला भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, बेंगळुरूत कब्बन पार्कची झाडं तिथल्याच प्लँटच्या पाण्यावर जगतात. त्याच बेंगळुरूत मार्च 2024 मध्ये पिण्याचं पाणी बागेला घातलं तर 5000 रुपये दंड लावायची वेळ आली. आपल्याकडे ती वेळ यायची वाट कशाला बघायची.

फ्लशचा वॉल्व्ह मात्र आत्ता उघडू नका. आधी बाग. एक अख्खा हिवाळा आणि एक उन्हाळा बाग या पाण्यावर काढा, बारा महिन्यांचे रिपोर्ट बोर्डवर लागू देत, मग जीबीएममध्ये फ्लशचा विषय रीतसर अजेंड्यावर घ्या आणि मत घ्या. लोक स्वतः म्हणाले पाहिजेत.

सुरुवात छोटी करा. कंपाउंडच्या मागच्या बाजूचा, जिथे कुणी बसत नाही तो एक पट्टा निवडा, करंज किंवा कण्हेर असेल तिथला, आणि फक्त तेवढ्यालाच ड्रिप टाका. शेजारी तेवढाच पट्टा टँकरच्या पाण्यावर ठेवा. महिनाभराने दोन्ही पट्ट्यांचे फोटो आपोआप ग्रुपवर यायला लागतील, तुम्हाला टाकावे लागणार नाहीत.

आणि मला परत लिहा. बरणीत गाळ बसायला किती मिनिटं लागली, रंग कसा होता, आणि तुमच्या एसटीपीवाल्या माणसाने चहा पिताना काय सांगितलं, तेही.